अकरा गावचं पाणी प्यायलेला टॉड झील

जर्सीकर (धागाकर्ता)

मागच्या आठवड्यात आयपीएल लिलावाच्या धाग्यावर आडवा_पट्टा यांनी एक वाक्य टाकलं होतं: "दर दोन वर्षांनी जर्सी बदलणारा खेळाडू म्हणजे भाड्याची सायकल." तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण ते लांबत गेलं आणि वर विषय बेसबॉलवर घसरला. म्हणून हा वेगळा धागा. बेसबॉल कळत नाही म्हणून कुणी पळून जाऊ नये, मलाही तो तिशीत आल्यावरच कळला.

मी १९९९च्या हिवाळ्यात न्यू जर्सीत आलो. वायटूकेची (संगणकांतल्या २०००च्या तारखेच्या घोळाची) शेवटची धावपळ चालू होती. ज्या कंपनीने आणलं (नाव जाऊ द्या) तिने तीन वर्षांत मला पाच क्लायंटकडे फिरवलं. दर वेळी नवं ओळखपत्र, नवा पासवर्ड आणि जेवायला कुणाच्या टेबलावर बसायचं हा जुनाच प्रश्न. दुसऱ्या क्लायंटकडे माझ्या शेजारी क्वीन्सचा एक म्हातारा कोबोलवाला (जुन्या संगणकभाषेतला प्रोग्रॅमर) बसायचा. मेट्सचा, म्हणजे न्यूयॉर्कच्या बेसबॉल संघाचा भक्त; आपल्याकडे वारकरी असतात तसा, विठ्ठल पावो न पावो. २०००च्या उन्हाळ्यात त्याने मला सात नंबरच्या ट्रेनने शे स्टेडियमला, म्हणजे मेट्सच्या मैदानावर नेलं. डोक्यावरून लाग्वार्डियाची विमानं इतकी खालून जात होती की दर पाच मिनिटांनी बोलणं थांबवावं लागायचं. अशाच एका विमानानंतर त्याने फर्स्ट बेसवर उभ्या माणसाकडे बोट दाखवलं. "तो बघ, तुझ्यातलाच. कॉन्ट्रॅक्टर."

तो टॉड झील.

जन्म १९६५, व्हॅन नाइस, म्हणजे लॉस एंजेलिसचंच उपनगर. शिक्षण यूसीएलए. १९८६च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) सेंट लुइस कार्डिनल्सनी दुसऱ्या फेरीत उचलला, तो कॅचर म्हणून. १९८९च्या ऑगस्टमध्ये मेजर लीगमध्ये पहिला सामना, २००४च्या ऑक्टोबरमध्ये शेवटचा. सोळा मोसम, अकरा संघ: कार्डिनल्स, कब्ज, फिलीज, ओरिओल्स, डॉजर्स, मार्लिन्स, रेंजर्स, मेट्स, रॉकीज, यँकीज, एक्स्पोज आणि फिरून पुन्हा मेट्स. अकराच्या अकरा संघांकडून त्याने होमरन (आपला सिक्सर समजा) मारले. एकूण २५३.

आता आडवा_पट्टा म्हणतील, "बघा, अकरा जणांनी हाकलला!" थांबा जरा, आधी १९९६ सांगतो.

त्या वर्षी तो फिलाडेल्फियाकडून खेळत होता. संघ रसातळाला. २९ ऑगस्टला त्याला बाल्टिमोरला ट्रेड केलं. तारीख महत्त्वाची आहे, कारण ३१ ऑगस्टनंतर आलेल्या खेळाडूला पोस्टसीझन (मोसमानंतरच्या बाद फेऱ्या) खेळता येत नसे. बाल्टिमोरला थर्ड बेस सांभाळणारा आणि बॅट चालणारा माणूस हवा होता. मोसम १६२ सामन्यांचा, झील खेळला १६३: फिलाडेल्फियाकडून १३४, बाल्टिमोरकडून २९. आणि त्याच्या डाव्या हाताला शॉर्टस्टॉपवर कोण उभा? कॅल रिपकन, सलग सामन्यांचा जगप्रसिद्ध विक्रमवीर, जन्मभर एकाच संघात राहिलेला. एक सामना बरोबरीत सुटून पुन्हा खेळावा लागल्यामुळे ओरिओल्सचेही त्या वर्षी १६३ झाले आणि रिपकन सगळे खेळला. म्हणजे आयुष्यभर एका घरात राहिलेला आणि महिन्यापूर्वी पाहुणा आलेला, दोघांची हजेरी सारखीच. रिपकनच्या हजेरीवर पुस्तकं निघाली. झीलची कुणी मोजलीसुद्धा नसेल.

पुढच्या वर्षी रिपकन स्वतःच शॉर्टस्टॉप सोडून थर्ड बेसवर आला. पाहुण्याने बॅग भरली.

---

तिखटमीठ

छान सुरुवात. पण आधी बाळबोध प्रश्न. ट्रेड म्हणजे त्याला न विचारता? आणि हे फर्स्ट, थर्ड, शॉर्टस्टॉप म्हणजे नक्की काय ते आमच्यासारख्या गल्ली क्रिकेटवाल्यांना सांगा. चित्र काढलंत तर उत्तम.

---

रापण

नाव वाचून हसून हसून मेलंय. आमच्याकडे झील म्हणजे मुलगो हो! "ह्यो कोणाचो झील?" असा कोणी इचारल्यार ह्या बाबड्यान काय सांगूचा? अकरा बापसांची नावा घेऊची?

---

जर्सीकर

@रापण, हे मला चोवीस वर्षांत सुचलं नव्हतं, दंडवत. (स्पेलिंग वाचून तिकडचे नवखेही अडखळतात, पण उच्चार झीलच.)

@तिखटमीठ, चित्र नाही, पण असं बघा. पतंगासारखा उभा चौकोन. खालच्या टोकाला होम प्लेट, म्हणजे 'घर' (बेस फिरून इथे परतला की रन). तिथे बॅटर आणि त्याच्या मागे कॅचर. उजव्या टोकाला फर्स्ट बेस, वरच्या टोकाला सेकंड, डाव्या टोकाला थर्ड. प्रत्येक बाजू ९० फूट. सेकंड बेसच्या दोन बाजूंना जे दोघे उभे असतात ते मधले, म्हणजे सेकंड बेसमन आणि शॉर्टस्टॉप. ते चपळ, हडकुळे, पायात स्प्रिंग असलेले. फर्स्ट आणि थर्डवर कोपऱ्यात उभे असतात ते कॉर्नर इनफिल्डर. त्यांना पळावं कमी लागतं, पण संघाची त्यांच्याकडून एकच मागणी असते: बॅटीने घर चालव.

त्यातही थर्ड बेस भलता वाईट. उजव्या हाताचा बॅटर जोरात ओढतो तो चेंडू सरळ अंगावर. क्रिकेटची खेळपट्टी ६६ फुटांची, इथे नव्वद, पण बॅटर पूर्ण ताकदीने फिरवतो आणि तुम्हाला पाऊल टाकायलाही सवड नसते. तिथून पकडून फर्स्ट बेसला फेकायचं तर कर्णाचं अंतर १२७ फूट, आणि तोवर बॅटर पळतोय. झीलचा हात दणकट होता, कॅचरचा हात तो, पण नेम सटकायचा. शेजारी गुळगुळीत हाताचा कुणी असला की झील त्याच्याजवळ सुताराच्या शेजारी गवंडी उभा केल्यासारखा दिसायचा. तो जन्माने थर्ड बेसमन नव्हताच, त्याला केला.

ट्रेडचं विचाराल तर नाही, विचारत नाहीत. लीगमध्ये दहा वर्षं आणि त्यातली शेवटची सलग पाच एकाच संघात काढली, तरच नियमाने ट्रेड नाकारता येतो. म्हणजे गंमत बघा, हा हक्क त्यालाच मिळतो ज्याला कुणी हलवलं नाही. सारखी बदली होणाऱ्याला बदली नाकारायचा हक्क कधीच मिळत नाही.

---

नेहमीचा_अनामिक

> सारखी बदली होणाऱ्याला बदली नाकारायचा हक्क कधीच मिळत नाही

वडील जिल्हा परिषदेत शिक्षक होते. हे वाक्य फ्रेम करून त्यांच्या भिंतीवर लावतो.

---

गणितमास्तर

@जर्सीकर, त्याला थर्ड बेसमन कुणी केला ते सांगायचं राहिलं. खरी कथा तिथे आहे, त्यामुळे मी थोडं घुसतो.

१९९०च्या ऑगस्टमध्ये कार्डिनल्सचा मॅनेजर (मुख्य प्रशिक्षकच म्हणा) म्हणून जो टोरी आला. झील तेव्हा पंचविशीतला कॅचर, बॅटिंगमुळे नाव झालेलं. टोरीने त्याला थर्डवर हलवलं आणि कॅचरचं काम टॉम पॅग्नोझीकडे दिलं. टोरीच्या डोक्यात हे का आलं असेल? कारण तो स्वतः कॅचर होता, नंतर कोपऱ्यात गेला आणि १९७१ साली थर्ड बेसवर खेळून त्याच कार्डिनल्सकडून नॅशनल लीगचा एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू) झाला. म्हणजे गुरुजींनी स्वतःला मानवलेलं औषध शिष्याला दिलं.

आता दुसरी बाजू. झीलसाठी मोकळा झालेला तो थर्ड बेस टेरी पेंडल्टनचा होता. पेंडल्टन फ्री एजंट (करार संपून मोकळा) होऊन अटलांटाला गेला आणि पहिल्याच वर्षी, १९९१ला, एमव्हीपी! सेंट लुइसच्या लोकांनी झीलकडे पुढे चार वर्षं कोणत्या नजरेने पाहिलं असेल, विचार करा. १९९३ला त्याने १०३ रन (आपल्या फटक्यांवर घरी आलेले) ठोकून आणले, तरी "पेंडल्टन असता तर" चालूच.

१९९४ला संप झाला, वर्ल्ड सिरीजच (दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका) रद्द. १९९५च्या जूनमध्ये कार्डिनल्सनी झीलला शिकागो कब्जला दिलं. नऊ वर्षांची यात्रा तिथून सुरू झाली.

---

आडवा_पट्टा

माझं नाव घेतलंय म्हणून येतो. धागा चांगला आहे, पण मुद्दा मान्य नाही. मोठा खेळाडू असता तर कुणी सोडला असता का? एखाद्या संघाने सोडला तर संघ मूर्ख, दोघांनी सोडला तर योगायोग. अकरा जणांनी सोडला तर खेळाडूतच काहीतरी कमी आहे. ॲरन फिंच नऊ आयपीएल संघांकडून खेळला. भारी बॅट्समन, ऑस्ट्रेलियाला टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून देणारा कर्णधार, पण आयपीएलमध्ये एकाही संघाला तो "आपला" वाटला नाही. तुमचा झील किती वेळा ऑलस्टार (लीगच्या निवडक खेळाडूंतला) झाला?

---

जर्सीकर

एकदाही नाही. वर्ल्ड सिरीजची अंगठीही नाही. हॉल ऑफ फेमच्या २०१०च्या मतपत्रिकेवर नाव होतं, मतं शून्य. (शून्यवाल्यांत त्याचा सेंट लुइसचा जुना सोबती रे लँकफर्डही होता, निदान सोबत तरी होती.) हे सगळं कबूल.

पण तुम्ही वजाबाकी करताय, बेरीज करत नाही. अकरा जणांनी सोडला हे खरं. त्याआधी अकरा जणांनी घेतला, हेही तितकंच खरं, आणि बाराव्या खेपेला तर ज्याने सोडला होता त्यानेच पुन्हा बोलावला. अडलेल्या संघाला तो आठवायचा. संसार मांडायच्या वेळी मात्र लोक दुसरीकडे बघायचे, हे मान्य.

१९९८चं वर्ष त्यासाठीच सांगतो. १९९७ला तो डॉजर्सकडे आला, म्हणजे आपल्या गावी. ज्या संघाच्या मैदानापासून गाडीने जाण्याइतक्या अंतरावर तो वाढला, त्या संघात. त्या मोसमात डॉजर्सच्या चौघांनी तीस किंवा जास्त होमरन मारले: पियाझा ४०, कॅरोस ३१, मोंडेसी ३० आणि झील ३१. त्याच्या कारकिर्दीतला सर्वोच्च आकडा. माणूस घरी रुजला म्हणायचं.

मार्च १९९८मध्ये संघ फॉक्स कंपनीने विकत घेतला. माइक पियाझाच्या नव्या कराराचा वाद पेटला होता. मे महिन्यात वरून, जनरल मॅनेजरला बाजूला ठेवून, सौदा ठरला. पियाझा आणि झील फ्लोरिडाला. बदल्यात गॅरी शेफिल्ड, बॉबी बोनिया, चार्ल्स जॉन्सन, जिम आयझेनराइक आणि एक पिचर (चेंडू टाकणारा). शेफिल्डच्या करारात ट्रेड नाकारायची सोय होती, तेव्हा तो अडून बसला आणि मोबदला घेऊनच हलला. त्या ट्रेडचं नाव आजही "पियाझा ट्रेड". झील त्यात होता हे आठवणारा माणूस भेटला की मी त्याला चहा पाजतो.

पियाझाला फ्लोरिडाने आठवड्याभरातच मेट्सला दिलं. झील जुलैअखेर तिथे. ३१ जुलैला डेडलाइनच्या दिवशी टेक्सास रेंजर्स. एका मोसमात तीन संघ, तीन शहरं.

---

प्लेनोची_पाहुणी

आम्ही त्या वेळी डॅलसमध्येच! नवरा रेंजर्सवेडा, मी सामोसे घेऊन सोबत जायचे. त्या ३१ जुलैची एक गोष्ट नवऱ्याला विचारून लिहितेय, त्याला अजून तोंडपाठ आहे. रेंजर्सनी त्याच दिवशी आपला तरुण थर्ड बेसमन फर्नांडो टाटिस सेंट लुइसला देऊन टाकला होता, म्हणजे झीलच्या जुन्या संघाला. कोपरा रिकामा झाला म्हणून झील आणला. आणि पुढच्या एप्रिलमध्ये टाटिसने सेंट लुइसकडून एकाच इनिंगमध्ये दोन ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असतानाचे होमरन) मारले! तसं आधी कुणी केलं नव्हतं आणि नंतरही नाही. म्हणजे पुन्हा तेच, झीलच्या आधी त्या खुर्चीत बसलेला माणूस उठून गेला की तिकडे जाऊन चमत्कार करतो.

पण आमच्याकडे झील आवडता होता बरं का. १९९९ला .२९३ची सरासरी, २४ होमरन, घरी आणलेले ९८ रन. रेंजर्स दोन्ही वर्षं डिव्हिजन (आपला गट) जिंकले. (पुढे यँकीजनी काय केलं ते विचारू नका, दोन्ही वर्षं तेच.)

---

तिखटमीठ

> तीन संघ, तीन शहरं

घरच्यांचं काय? बायको, मुलं?

---

जर्सीकर

बायको ज्युलियन मॅकनमारा. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सचं सुवर्णपदक मिळवलेली. म्हणजे घरात सोनं होतं, नवऱ्याचं नव्हतं. पुढे बऱ्याच वर्षांनी ते वेगळे झाले. त्याहून आत मी शिरत नाही.

---

गणितमास्तर

आडवा_पट्टा यांना अजून एक दारूगोळा देतो, मी निष्पक्ष माणूस आहे. वर १९९६ची हजेरी सांगितली, पण त्याच वर्षीची तिसरी मॅच सांगितली नाही. धागाकर्त्याने सोयीस्कर गाळलेलं दिसतंय. :)

---

जर्सीकर

गाळलं नव्हतं, हात जड झाला होता. सांगतो. हा प्रसंग मी तेव्हा भारतात होतो म्हणून नंतर टेपवर पाहिला, पण इतक्या वेळा पाहिला आहे की तिथे असल्यासारखा आठवतो.

ऑक्टोबर १९९६, अमेरिकन लीगची फायनल, ओरिओल्स विरुद्ध यँकीज. यँकीजचा मॅनेजर? तोच जो टोरी. मालिका १-१. (पहिला सामना प्रेक्षकांतल्या बारा वर्षांच्या पोराने हात घालून चेंडू आत ओढल्यामुळे गाजला, तो वेगळा धागा होईल.) तिसरा सामना बाल्टिमोरला. पहिल्याच इनिंगमध्ये झीलने दोन रनचा होमरन मारला. आठव्या इनिंगपर्यंत स्कोअर २-१, ओरिओल्स पुढे, पिचर माइक मुसिना. दोन आउट, बेस रिकामे. सगळं मुठीत.

मग डेरेक जीटरचा डबल (सेकंड बेसपर्यंत पोचवणारा फटका). बर्नी विल्यम्सने त्याला घरी आणलं, २-२. टिनो मार्टिनेझने लेफ्टला डबल मारला, विल्यम्स थर्डवर येऊन थांबला. लेफ्टमधून चेंडू झीलच्या हातात आला. आता करण्यासारखं काही नव्हतं. चेंडू धरून ठेवायचा, पिचरला द्यायचा, बस. पण मार्टिनेझ सेकंडच्या पुढे सरकलाय असं वाटून झीलने तिकडे फेकायचा आव आणला. हात पुढे गेला आणि मध्येच थांबला, चेंडू मात्र थांबला नाही. बोटांतून निसटला आणि गवतावर गडगडत गेला. फार लांब नाही. विल्यम्सने एक क्षण बघितलं आणि घराकडे धूम ठोकली. ३-२. पाठोपाठ सेसिल फील्डरचा होमरन, ५-२, सामना संपला. मालिकाही पुढच्या दोन दिवसांत संपली.

त्या पूर्ण मालिकेत झीलने तीन होमरन मारले. कुणाला आठवत नाहीत, न फेकलेला चेंडू आठवतो.

---

आडवा_पट्टा

अरे देवा. यावर आता काही बोलवत नाही. आमच्या क्लबच्या सामन्यात मी असाच एकदा नॉनस्ट्रायकरच्या टोकाला फेकायचा आव आणला होता. जाऊ दे.

---

सखाराम_गटणेतर

भाषेचा मुद्दा. अशा खेळाडूला इंग्रजीत जर्नीमन म्हणतात, आणि सगळ्यांना वाटतं प्रवासावरून. तसं नाही. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ "एक दिवस" किंवा "एका दिवसाचं काम". शिकाऊपण संपलेला, काम पक्कं येणारा, पण स्वतःचं दुकान नसलेला कारागीर. दिवसाच्या मजुरीवर दुसऱ्याच्या दुकानात काम करणारा. म्हणजे आपला रोजंदार. हिणवण्याचा अर्थ मुळात नाही, उलट कसब सिद्ध झालंय एवढंच त्यात येतं.

आणि @रापण, झीलचा आणखी एक अर्थ देशावर आहे. पोवाड्यात मुख्य शाहिरामागे उभे राहून "जी जी रं जी" धरतात ते झीलकरी. ते जे ओढतात ती झील. शाहीर दम घेतो तेव्हा फड पडू न देणं हे त्यांचं काम. नाव शाहिराचं, घसा यांचा.

---

जर्सीकर

आता मी धागा इथेच बंद केला तरी चालेल. रोजंदार काय, झीलकरी काय! वाचनखूण साठवली.

झीलकऱ्याचंच उदाहरण द्यायचं तर मेट्स. १९९९नंतर जॉन ऑलेरूड सिॲटलला गेला आणि मेट्सचा फर्स्ट बेस रिकामा पडला. थर्डवर रॉबिन व्हेंचुरा, गोल्ड ग्लोव्हवाला (क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार). मेट्सनी झीलला फर्स्टवर उभं केलं. चौतिसाव्या वर्षी, दहा वर्षं ज्या कोपऱ्यातून चेंडू फेकले त्याच्या समोरच्या कोपऱ्यात उभं राहून आता ते पकडायचे. समोर पियाझा कॅचर, मुख्य शाहीर. झील मागे.

२०००च्या नॅशनल लीग फायनलमध्ये समोर सेंट लुइस. झीलने त्या मालिकेत ८ रन आणले. पाचव्या सामन्यात बेस भरलेले असताना तिघांना घरी आणणारा डबल, आणि मेट्स वर्ल्ड सिरीजमध्ये. ज्यांनी त्याला पहिल्यांदा विकलं त्यांच्याविरुद्ध. तेव्हा मी टीव्हीसमोर नाचलो होतो, आणि खालच्या मजल्यावरच्या आजी काठीने छत ठोकत होत्या.

वर्ल्ड सिरीज यँकीजशी. मॅनेजर पुन्हा टोरी. पहिला सामना, सहावी इनिंग, ०-०, दोन आउट, फर्स्टवर टिमो पेरेझ. झीलने अँडी पेटिटला लेफ्टकडे उचललं. माझा म्हातारा मित्र खुर्चीतून उठलाच. चेंडू गेला, गेला, आणि भिंतीच्या अगदी वरच्या कडेवर आपटून आत आला. दोन इंच वर असता तर होमरन. पण पेरेझला होमरनच वाटला. हात वर करून तो रमतगमत पळत होता. चेंडू आत पडलाय हे कळल्यावर त्याने धूम ठोकली. डेव्हिड जस्टिसने जीटरकडे फेकलं, जीटरने रेषेजवळून तोल जाता जाता कॅचरकडे. आउट. रन शून्य. झीलच्या नावावर फक्त एक डबल.

नवव्या इनिंगला मेट्स ३-२ पुढे असूनही यँकीजनी बरोबरी साधली आणि बाराव्यात जिंकले. जिंकून देणारा फटका होझे व्हिस्कायनोचा. हा कोण? यँकीज, मेट्स, डॉजर्स, जायंट्स, म्हणजे न्यूयॉर्कशी ज्या चार संघांचं कधी ना कधी नातं होतं, त्या चारही संघांकडून खेळलेला. तोही रोजंदारच.

त्या वर्ल्ड सिरीजमध्ये झीलची सरासरी .४००. मेट्स १-४ने हरले.

---

रापण

दोन इंच! आमच्या गावच्या धयकाल्यात राजा पडद्यार अडकून पडललो तसा झाला ह्या.

---

प्लेनोची_पाहुणी

पेरेझचं वाचून पोटात कसंतरी झालं. त्या पळण्याचं खापर मग झीलवर कुणी फोडलं नाही ना?

---

जर्सीकर

नाही, पेरेझवर फुटलं, आयुष्यभर.

झीलची न्यूयॉर्कची मला सगळ्यात आठवणारी गोष्ट मात्र मैदानावरची नाही. ११ सप्टेंबर २००१नंतर शे स्टेडियमचं पार्किंग मदतसाहित्याचं ठाणं झालं होतं. पाण्याच्या बाटल्या, बूट, ब्लँकेट, टॉर्च. खेळाडू ट्रक भरायला यायचे. झील तेव्हा मेट्सचा खेळाडू-प्रतिनिधी होता. अग्निशमन दल आणि पोलिसांच्या टोप्या घालून खेळायचं असं खेळाडूंनी ठरवलं, त्यात तो पुढे होता. लीगकडून निरोप आला की नेहमीची टोपी घाला. त्यांनी नाही घातली. २१ सप्टेंबरला न्यूयॉर्कमधला पहिला सामना झाला, त्यात पियाझाने मारलेला होमरन आज सगळ्यांना माहीत आहे. शाहिराचा फटका. टोप्यांमागे कोण कोण उभं होतं ते पियाझाइतकं माहीत नाही.

माझं म्हणाल तर त्या आठवड्यात माझ्या कंपनीने मला "बेंच"वर, म्हणजे बिनकामाचं बसवलं. क्लायंटचं ऑफिसच बंद होतं. डिसेंबरात चौथा क्लायंट मिळाला. जानेवारीत मेट्सनी झीलला कोलोराडोला ट्रेड केलं. म्हातारा मित्र फोनवर म्हणाला, "तुम्ही दोघं एकदमच."

२००२ कोलोराडो. २००३ यँकीज, हो, टोरीकडेच, तेरा वर्षांनी. ऑगस्टमध्ये त्यांनी सोडला, मग मॉन्ट्रियल. यँकीज त्या वर्षी वर्ल्ड सिरीजला गेले, तोवर हा बाहेर.

---

आडवा_पट्टा

बरं, भाड्याची सायकल हा शब्द मागे घेतो. पण "कुणालाच तो आपला वाटला नाही" यावर मी ठाम आहे. ते तुम्ही खोडलेलं नाही.

---

गणितमास्तर

निरोपाचा आकडा मी सांगतो, मग धागाकर्ते सांगतील. कारकीर्द संपली २००४ साली. एकूण हिट्स किती? २००४. जुळवून आणलेलं नाही, तसंच आहे.

---

जर्सीकर

@आडवा_पट्टा, खोडणार नाही, तुमचं बरोबरच आहे बहुतेक. फक्त ३ ऑक्टोबर २००४ची दुपार सांगतो आणि थांबतो. तिथे मी होतो.

मेट्सनी त्याला शेवटच्या वर्षासाठी परत घेतलं होतं. मोसमात मध्येच डेव्हिड राइट नावाचा एकवीस वर्षांचा पोरगा आला आणि थर्ड बेस त्याचा झाला. तोपर्यंत मला मुलगा झाला होता, तीन वर्षांचा. त्याला घेऊन गेलो. म्हातारा मित्र आला नव्हता, गुडघ्याचं ऑपरेशन. स्टेडियम काही भरलेलं नव्हतं. समोर मॉन्ट्रियल एक्स्पोज, म्हणजे झीलचाच आदल्या वर्षीचा संघ, आणि तो त्यांचा अखेरचा सामना होता. पुढच्या वर्षी संघ वॉशिंग्टनला जाणार होता. एक्स्पोजचा पहिला सामनाही १९६९ साली शे स्टेडियमवरच झाला होता. संघही घर बदलतात.

झीलने आधीच जाहीर केलं होतं की हा शेवटचा. आणि मैदानात आला तो कॅचरचा मुखवटा आणि पॅड बांधून. १९९०नंतर ते काम त्याने जवळपास केलंच नव्हतं. एकोणचाळिसाव्या वर्षी ढोपरं वाकवून प्लेटमागे बसला. आमच्या रांगेतल्या एकाने बायकोला विचारलं, "हा कॅचर कधीपासून?" मी मागून ओरडून सांगितलं, "पहिल्यापासून!"

सहाव्या इनिंगला दोघे बेसवर. झील आला. लोक उभे राहिले, तेवढे होते तेवढे सगळे. त्याने होमरन मारला. कारकिर्दीतला शेवटचा ॲटबॅट (बॅटिंगची पाळी), २५३वा होमरन. बेस फिरताना त्याची चाल अगदी नेहमीचीच, जणू मंगळवारचा सामना असावा. मेट्स ८-१ने जिंकले.

---

रापण

मगे तो बॉल कोणाक गावलो?

---

जर्सीकर

दिसला नाही हो. पोराने त्याच वेळी चीजचे नाचोज माझ्या मांडीवर उपडे केले होते. मी खाली बघत होतो, आरडाओरडा ऐकून मान वर केली तर तो फर्स्ट बेस ओलांडून चालला होता.